पहारेकऱ्याची वही

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्या भाषेत फार जुनी आहे. म्हणी जुन्या होतात. पण त्यांत सांगितलेले प्रमाद जुने होत नाहीत. ते नवी वस्त्रे परिधान करून पुन्हा पुन्हा आपल्या दारी येतात. गेल्या पावसाळ्यात असाच एक प्रमाद आमच्या शिक्षक-दालनात आला, आणि खेदाची गोष्ट अशी की आम्ही त्यास बसावयास खुर्ची दिली.

प्रसंग असा घडला. चवथीची सुट्टी आटोपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. जवळच्याच वाड्यावरील एक सद्गृहस्थ हातात पाच-सहा छापील कागद घेऊन आले. त्यांच्या घरचे इंटरनेट दोन दिवस वरचेवर बंद पडत होते. राउटर नावाची जी पेटी आता घरोघरी भिंतीवर दिसते, तिच्या आतील नोंदवही त्यांच्या भाच्याने उघडून दाखविली, तेव्हा तीत ‘पोर्ट स्कॅन’, ‘सिन फ्लड’, ‘पिंग ऑफ डेथ’ असे भयंकर शब्द ओळीने आढळले. हल्ला, हल्ला आणि पुन्हा हल्ला! त्यांच्या शेजारी आमच्या दहावीच्या वर्गातील एक मुलगा राहतो. संगणकाचे त्याला वेड आहे. सुट्टीत त्याने या गृहस्थांकडे वायफायचा पासवर्ड मागितला होता आणि त्यांनी तो दिला नव्हता. एवढ्यावरून त्यांच्या मनाने निकाल देऊन टाकला.

‘‘सर, तुमच्या शाळेचा मुलगा म्हणून आधी तुमच्याकडे आलो. नाहीतर सरळ पोलीस स्टेशन गाठले असते,’’ ते म्हणाले.

आम्ही त्या मुलास बोलावून घेतले. दालनात आणखी चार शिक्षक होते, दाराशी दोन मुले घोटाळत होती. कागद पाहून तो गोंधळला. ‘‘सर, मी काही केलं नाही,’’ एवढेच म्हणाला. आम्ही विचारले, ‘‘मग कोणी केले?’’ आज तो प्रश्न आठवला की आमची आम्हांसच लाज वाटते. ज्याने काही केले नाही, त्याने ‘कोणी केले’ हे कसे सांगावे? आपले निरपराधित्व सिद्ध करण्याचा भार आम्ही एका पंधरा वर्षांच्या मुलावर टाकला, आणि तोही ज्या कागदांचा अर्थ आम्हांस स्वतःला कळत नव्हता त्यांच्या आधारे. पुढचे दोन दिवस तो मुलगा मागच्या बाकावर बसला. एरव्ही प्रत्येक प्रश्नाला वर होणारा त्याचा हात एकदाही वर झाला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्हांस शहाणपण सुचले. आमचा एक माजी विद्यार्थी बेंगळुरूस संगणकांची जाळी सांभाळण्याचे काम करतो. कागदांची छायाचित्रे त्याला पाठविली. त्याने उत्तरादाखल दोनच प्रश्न विचारले. ‘‘सर, या नोंदींच्या वेळा पाहिल्यात का? आणि तुमच्या स्वतःच्या राउटरची वही कधी उघडली आहे का?’’

वेळा पाहिल्या. कित्येक नोंदी पहाटे तीनच्या होत्या. आणि एक भला मोठा पुंजका शाळा सुरू झाल्याच्या दिवशी, सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यानचा होता. त्या वेळी तो मुलगा आमच्याच तासाला, आमच्याच डोळ्यांसमोर निबंध लिहीत बसला होता! यंत्रास काम लावून माणूस दूर जाऊ शकतो, असे यावर कोणी म्हणेल. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे ठरले. त्या रात्री आम्ही आमच्या घरच्या राउटरची वही प्रथमच उघडली. आमच्या घरी आम्ही आणि आमची वृद्ध आई अशी दोनच माणसे. आमचे कोणाशी वैर नाही, कोणास आम्ही पासवर्ड नाकारलेला नाही. तरीही आमच्या वहीत तेच शब्द, त्याच ओळी आणि तोच ‘हल्ला’ होता.

विद्यार्थिमित्रहो, त्या रात्रीपासून या विषयाचा आम्ही जमेल तसा अभ्यास केला. आमची पदवी वाङ्मयाची. तेव्हा तज्ज्ञतेचा आव आम्ही आणीत नाही. परंतु जे समजले ते प्रत्येक घरास समजणे अगत्याचे आहे, असे आमचे ठाम मत झाले आहे. आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम ही पेटी काय करते ते पाहू. इंटरनेटवर जे जे जाते-येते, ते लहान लहान पाकिटांत विभागून जाते. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि बहुधा एक दार-क्रमांक असतो. या दारास ‘पोर्ट’ म्हणतात. एका पत्त्याला ० पासून ६५,५३५ पर्यंत दारे असू शकतात. संकेतस्थळांची ये-जा बहुधा ८० आणि ४४३ या दारांनी होते. दुरून यंत्रावर हुकूम चालविण्याची टेलनेट नावाची जुनी सोय २३ क्रमांकाच्या दाराशी असते. राउटरमध्ये बसलेला फायरवॉल हा या दारांवरचा पहारेकरी होय. घरातून कोणी बाहेर काही मागितले की तो आपल्या टिपणात त्याची नोंद करतो. बाहेरून पाकीट आले की टिपण चाळतो. मागणी सापडली तर आत सोडतो, न सापडली तर टाकून देतो. न मागितलेले काही आत येऊ द्यावयाचे नाही, हा त्याचा साधा परंतु बळकट नियम आहे.

आता हा पहारेकरी वहीत कोणकोणत्या गोष्टी लिहितो? सर्वांत अधिक आढळते ती नोंद ‘पोर्ट स्कॅन’ची. एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात अनेक दारांवर थाप पडली, की हा दारे चाचपीत आहे असे ओळखून पहारेकरी तशी नोंद करतो. ही थाप आपल्याच दारावर का पडली, असे मनात येते. उत्तर असे की ती सर्वांच्याच दारांवर पडते. इंटरनेटच्या जुन्या आणि अद्यापही प्रचलित पत्तापद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचा एक प्रोग्राम सिद्ध केला. वेगवान जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून, पाऊण तासाच्या आत, जगातील अशा सर्व सार्वजनिक पत्त्यांच्या एका दारावर थाप मारता येते, हे त्यांनी दाखवून दिले. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवीत वाड्यावरून जातो, तेव्हा तो आपल्याच नावाने वाजवितो असे कोणी मानीत नाही. तसेच हे आहे. थाप मारणाऱ्यांत चोर असतात हे खरे. परंतु संशोधक असतात, आणि २००९ पासून चालू असलेल्या ‘शोडान’सारख्या, इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची सूची करणाऱ्या सेवाही असतात.

दुसरी नोंद ‘सिन फ्लड’ची. दोन संगणक बोलू लागण्यापूर्वी तीन पावलांचा शिष्टाचार पाळतात. पहिला म्हणतो, ‘येऊ का?’ दुसरा म्हणतो, ‘या, पान मांडले आहे.’ पहिला म्हणतो, ‘आलो.’ मग संभाषण सुरू होते. या हल्ल्यात ‘येऊ का’ म्हणणारे हजारोंनी येतात आणि ‘आलो’ मात्र कोणीच म्हणत नाही. यजमान पाने मांडून वाट पाहत बसतो, पंगत अडून राहते आणि खरे भुकेले पाहुणे बाहेर ताटकळतात. १९९६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या इंटरनेट सेवा देणाऱ्या जुन्या संस्थेवर असा हल्ला झाला आणि तिचे काम कित्येक दिवस विस्कळीत झाले. त्याच वर्षी डी. जे. बर्नस्टाइन यांनी यावर एक नामी युक्ती सुचविली. पाहुणा ‘आलो’ म्हणेपर्यंत पान मांडावयाचेच नाही. उत्तरातच एक गुप्त खूण द्यावयाची, आणि जो ती खूण परत आणील त्यालाच पान वाढावयाचे. घरचा राउटर याहून साधा उपाय करतो. ठराविक वेळात ठराविक संख्येहून अधिक ‘येऊ का’ आले की तो पुढचे टाकून देतो आणि वहीत ओळ लिहितो.

तिसरा वर्ग वेड्यावाकड्या पाकिटांचा. ‘पिंग’ हे एरव्ही अगदी निरुपद्रवी साधन आहे. माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने ते १९८३ साली लिहिले. ‘आहेस का?’ असे विचारावयाचे आणि ‘आहे’ असे उत्तर मिळवावयाचे, एवढेच त्याचे काम. परंतु पाकिटाची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइटांची असता, तुकड्यातुकड्यांनी त्याहून मोठे पाकीट पाठविले, तर ते तुकडे जोडताना १९९६-९७ च्या सुमाराचे कित्येक संगणक कोलमडून पडत. म्हणून त्यास ‘पिंग ऑफ डेथ’ असे भीषण नाव मिळाले. १९९७ च्याच ‘लँड’ हल्ल्यात पाठविणारा आणि घेणारा हे दोन्ही पत्ते एकच असत. पत्र लिहिणारा मीच आणि उत्तर देणाराही मीच, अशा घोळात संगणक अडकून पडे. ‘स्मर्फ’ची तऱ्हा आणखी निराळी. एखाद्याच्या खोट्या नावाने सबंध जाळ्यास ‘आहात का?’ अशी हाळी द्यावयाची, म्हणजे सर्वांचे ‘आहे, आहे’ त्या बिचाऱ्यावर कोसळते. या खोडींवर त्या त्या वेळीच औषध निघाले, आणि आजचे संगणक त्यांना सहसा बळी पडत नाहीत. तथापि पहारेकऱ्याच्या यादीत ती जुनी नावे अद्याप आहेत. नाव जितके भयानक, तितके भय खरे असतेच असे नाही.

येथवर पहारेकऱ्याची स्तुती झाली. आता त्याच्या मर्यादा पाहिल्या पाहिजेत, कारण आमच्या हातून झालेल्या अन्यायाचे मूळ त्या मर्यादा न ओळखण्यात आहे.

पहिली मर्यादा अशी की तो कधी कधी सावालाच चोर म्हणतो. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो आणि मिटतो. पहारेकरी काही काळाने टिपणातील ती नोंद पुसून टाकतो. एखादे उत्तर रेंगाळत उशिरा पोचले, तर त्याच्या दृष्टीने ते न मागितलेले पाकीट असते. मग काही राउटर त्या गरीब उत्तरालाही ‘हल्ला’ म्हणून नोंदवितात. त्या गृहस्थांच्या कागदांवरील कितीतरी ओळी अशाच होत्या. त्यांतील काही पत्ते तर मोठ्या, नामांकित संकेतस्थळांचे निघाले!

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पाकिटावरचा पाठविणाऱ्याचा पत्ता खोटा असू शकतो. टपालाच्या पाकिटावर मागच्या बाजूस कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे आहे. अशी खोट्या पत्त्याची पाकिटे सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वेशीवरच अडवावीत, अशी शिफारस १९९८ पासून लेखी आहे. परंतु ती सर्वांनी पाळलेली नाही. सिन फ्लड, स्मर्फ यांसारख्या हल्ल्यांत तर पत्ता खोटा असणे हाच बहुधा हल्ल्याचा प्राण असतो. पत्ता खरा असला तरी तो एका यंत्राचा असतो, माणसाचा नव्हे. आणि ते यंत्र तिसऱ्याच कोणीतरी बळकावलेले असू शकते. मग वहीतल्या ओळीवरून शेजारच्या मुलाचे नाव कसे काढावयाचे? किंबहुना कोणी त्या गृहस्थांच्या वायफायमध्ये शिरून काही केले असते, तर नोंदीत घराच्या आतला, बहुधा १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसावयास हवा होता. त्या कागदांवर असा एकही पत्ता नव्हता. कागद तोंडाने सांगत होते की हा मुलगा नव्हे. ते वाचण्याची विद्या तेवढी आमच्याजवळ नव्हती.

तिसरी मर्यादा त्याच्या शक्तीची. बाहेरून येणाऱ्या पाकिटांचा पूर एवढा मोठा असेल की तारच भरून जाईल, तर दाराशी बसलेला पहारेकरी काय करणार? पाकीट टाकून देण्यापूर्वी ते त्याच्यापर्यंत पोचलेलेच असते. तो पूर वरच्या अंगाला, सेवा देणाऱ्या कंपनीनेच अडवावा लागतो.

चौथी मर्यादा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जे आपण स्वतःच मागितले, ते तो अडवीत नाही. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या दुव्यावर आपण बोट ठेवले, तर मागणी घरातूनच गेली असे मानून पहारेकरी आदबीने दार उघडतो. फोनवरून पोलीस असल्याची बतावणी करून कोणी आपल्याकडून ओटीपी काढून घेतला, तर पहारेकऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. पहाटे तीनच्या थापांनी ज्यांची झोप उडते, तीच माणसे भर दुपारी अनोळखी आवाजाला आपल्या खात्याची किल्ली देतात, याला काय म्हणावे? असे काही घडलेच तर संकोच न करता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळविले पाहिजे, हे प्रत्येक घरातील लहानथोरांनी पाठ करून ठेवावे.

यावर एक आक्षेप असा घेतला जाईल की, मग या वहीची कटकट हवीच कशाला? आमच्या घरी चोरण्यासारखे आहे तरी काय? हा आक्षेप वरवर शहाणपणाचा दिसतो. परंतु तो खरा नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका दुष्ट प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे, राउटर आणि चित्रफिती साठविणाऱ्या पेट्या बळकावल्या. त्यासाठी त्याने कोणती अघोरी विद्या वापरली? कारखान्यातून येताना यंत्रांना जे ठरीव नाव आणि पासवर्ड दिलेले असतात, त्यांच्या साठाहून थोड्या अधिक जोड्यांची यादी घेऊन तो टेलनेटच्या दाराशी एकेक जोडी लावून पाहत असे. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता त्यांची दारे उघडली. त्या यंत्रांना एकत्र जुंपून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या कंपनीवर हल्ला झाला, आणि अमेरिकेत व युरोपात ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठमोठी संकेतस्थळे कित्येक तास दिसेनाशी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात याच कुळातील प्रोग्रामच्या धाडीने जर्मनीतील सुमारे ९ लाख घरांचे राउटर कोलमडले. कोणाच्या घरातून काही चोरावयाचे नव्हते. हवी होती ती फक्त घराची पेटी, दुसऱ्यावर फेकण्याचा दगड म्हणून! आपण दार लावले नाही तर आपले नुकसान होईल किंवा न होईल, परंतु आपल्या दारातून कोणीतरी तिसऱ्याचे नुकसान करील. म्हणून राउटर सांभाळणे ही केवळ आपल्या सोयीची बाब नव्हे. तो शेजारधर्म आहे. या काळात शेजार जर्मनीपर्यंत आणि अमेरिकेपर्यंत पसरला आहे, इतकेच.

आणि येथे आम्हांस आमचीही एक कबुली दिली पाहिजे. ज्या रात्री आम्ही वही उघडली, त्या रात्री ती उघडण्यासाठी जो पासवर्ड लागला, तो पेटीच्या तळाशी छापलेलाच होता. चार वर्षे आम्ही तो बदलला नव्हता! दुसऱ्याच्या मुलाची उलटतपासणी करणाऱ्या आमच्या घरचे दार असे सताड उघडे होते. आईला हे सांगितले, तेव्हा ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, ‘‘दार उकतें दवरून राखणदाराक उलो मारल्यार तो कितें करतलो?’’ दार उघडे टाकून राखणदाराला हाक मारली तर तो बिचारा काय करणार! आमच्या गावच्या वेशीवर राखणदार आहे अशी श्रद्धा आहे. त्याला वर्षाचा मान न चुकता दिला जातो. परंतु त्याच्या भरवशावर रात्री दाराला कडी न लावता झोपणारे घर आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

कडी लावावयाची म्हणजे काय करावयाचे? ते फार थोडे आहे. राउटरच्या व्यवस्थेचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड हे दोन निराळे असतात. दोन्ही बदलावे, लांब ठेवावे आणि एकसारखे ठेवू नयेत. बाहेरून राउटरवर हुकूम चालविण्याची सोय सुरू असेल तर बंद करावी. पेटी बनविणारे तिच्या आतील प्रोग्राममध्ये वेळोवेळी दुरुस्त्या करतात. त्या बसवून घ्याव्यात, आणि ज्या पेटीस दुरुस्त्या मिळणे थांबले आहे ती बदलावी. अधूनमधून ती बंद करून पुन्हा सुरू करण्यानेही लाभ होतो. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाच्या प्रोग्रामने ५४ देशांत किमान ५ लाख यंत्रे बाधित केल्याचे उघडकीस आले, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने जनतेस प्रथम हेच करण्यास सांगितले होते. मात्र तेवढ्याने रोग समूळ जात नाही, हे ध्यानात असावे. ही कामे कंपनीच्या माणसाकडून करवून घेण्यात कमीपणा नाही. पण ती झाली की नाही हे विचारणे घरधन्याचे काम आहे.

आता आमच्या मुख्य मताकडे येतो. फायरवॉलची वही ही पहारेकऱ्याची वही आहे. न्यायाधीशाचे निकालपत्र नव्हे. ‘थाप पडली’ एवढेच ती सांगते. थाप कोणी मारली, कशासाठी मारली, हे ती सांगत नाही, आणि आपण तिच्याकडून ते वदवून घेऊ नये. वाड्यावर संगणक जाणणारा मुलगा बहुधा एखादाच असतो. म्हणून काही बिघडले की संशयाची सुई त्याच्याकडे वळते. पूर्वी वैद्यकी जाणणाऱ्या म्हातारीवर करणीचा आळ येई, त्यातलाच हा प्रकार. ज्ञानाचा संशय घेणारा समाज ज्ञानी होत नाही. मुलाच्या जिज्ञासेवर असा एकदा घाला बसला म्हणजे ती एकतर मरते किंवा अंधारात जाऊन वाढते. आणि दुसरी गती पहिलीहून वाईट.

हे अंधारात वाढणे कसे असते, त्याचा दाखला मिराईच्याच कथेत आहे. तो प्रोग्राम रचणारे तिघेही विशीच्या आसपासचे अमेरिकन तरुण होते. त्यांतला एक विद्यापीठाचा विद्यार्थी होता. संगणकावरील एका लोकप्रिय खेळाच्या सर्व्हरांचा धंदा आणि त्यातील चढाओढ यांतून ते या मार्गास लागले. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी न्यायालयापुढे अपराध कबूल केला. बुद्धी थोडी नव्हती. ती कोठे लावावी हे सांगणारे कोणी भेटले नाही, किंवा भेटले तरी त्यांनी ऐकले नाही. आमच्या विद्यार्थ्यांनीही हे नीट समजून घ्यावे. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीवाचून शिरणे किंवा त्याचे काम अडविणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये अपराध आहे, आणि त्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘गंमत म्हणून केले’ ही सबब तेथे चालत नाही. दारे चाचपावयाचीच असतील तर आपल्या घरची चाचपावी, आणि उघडी सापडली तर वडिलांस सांगून लावावी.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, शाळेने या विषयास आपल्या अंगणात आणावे. ज्या वर्गात आम्ही ताम्रपट आणि शिलालेख यांची साक्ष कशी तपासावी हे शिकवितो, तेथेच एक तास राउटरच्या वहीसाठी द्यावा. साक्ष कोणाची? कोणत्या वेळेची? तिच्यात खोट असू शकेल काय? ती काय सांगते आणि काय सांगत नाही? इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावयाचे तेच हे प्रश्न आहेत. ते प्रश्न शिकविण्याचा ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हीच त्या दिवशी ते विचारले नाहीत. आमच्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील खरी लाजिरवाणी गोष्ट हीच होय.

त्या सद्गृहस्थांच्या घरी पुढे कंपनीचा माणूस आला. पावसाने कुजलेली खांबावरची एक जोडणी त्याने बदलली, आणि इंटरनेट पूर्ववत सुरू झाले. ते गृहस्थ सज्जन. त्यांनी मुलाच्या घरी जाऊन आपली चूक सांगितली. आम्हीही त्याची क्षमा मागितली, आणि ती दालनात चारचौघांआड न मागता वर्गात, सर्वांसमोर मागितली. कारण आळ सर्वांच्या कानी गेला होता. मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, ‘‘सर, तुमच्या राउटरचा पासवर्ड बदलला का?’’ वर्ग हसला, आम्हीही हसलो. तो मात्र हसला नाही. त्याला उत्तर हवे होते. ‘‘बदलला,’’ असे आम्ही सांगितले, तेव्हा कोठे तो खाली बसला.

वाचकहो, हा अंक हाती पडेल त्या संध्याकाळी आपल्याही घरची पेटी एकदा खाली काढा. तिच्यावरची धूळ पुसा, पासवर्ड बदला आणि तिची वही चाळा. थापा दिसतील, घाबरू नका. पहारेकरी जागा आहे, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु त्या वहीतील एखादी ओळ बोटाने दाखवून कोणाचे नाव घेण्याचा मोह झालाच, तर ते नाव ओठांवर येण्यापूर्वी नोंदीची वेळ अवश्य पाहा.